भेगा नसलेलं जहाज

कील, १८६८

प्रिय लौरेन्झदादा,

जहाजांच्या नव्या कारखान्याविरुद्ध माझी अत्यंत गंभीर तक्रार आहे. पत्रे जोडणाऱ्या रिबिटांच्या ठोक्यांनी माझा कॉफीचा कप टेबलावरून चालत निघतो आणि बशी मागेच राहते.

त्यांचं पहिलं लोखंडी जहाज परवा पाण्यात सोडायचं होतं. टेकू काढायच्या वेळी बाबा त्याच्या पोटाखाली ठाण मांडून बसले.

त्यांनी मालकाला दरडावलं, "भेगा कोण भरणार? तुझा सासरा?"

"उचला म्हाताऱ्याला," मालक ओरडला.

लाकडी जहाजांच्या भेगांत सुतळी-डांबर ठोकण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना कोण हात लावणार? मी भेगा ठोकायची तुझी लाकडी मोगरी आणली आणि लोखंडावर उगाच ठोकत फिरलो.

"भरल्या, बाबा."

त्यांनी पत्र्याला कान लावला. "खोटारड्या," म्हणाले, आणि मुकाट्यानं बाहेर आले.

जहाज अलगद तरंगलं. त्यांनी पाठ फिरवूनच विचारलं, "पाणी शिरलं?"

"नाही," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? तेव्हापासून ते जेवलेले नाहीत.

अमेरिकेतला तुझा पत्ता आमच्याकडे नाही, त्यामुळे हे पत्रही इथेच राहणार. मोगरी न विचारता घेतली होती. जवसाचं तेल लावून तुझ्या खुंटीला परत टांगली आहे.

तुझा,
येन्स