तिसऱ्या पिनेची हकिकत

मसुरे

ती. सत्यवानभाऊंना धाकट्या मेहुण्याचा, दत्तप्रसादचा, वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? इथं मी सुखरूप आहे, म्हणजे आता आहे. तुमची बहीण आंब्याच्या पेट्या भरायला देवगडला आली, असं तुम्ही समजत असाल. सुगंधानं खरं सांगितलं नसणार (माहेरी नवऱ्याची अब्रू राखण्यात तिचा हात कुणी धरणार नाही), म्हणून मीच सांगतो.

मागल्या पडवीत कपड्यांचं नवं मशीन बसवलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "माका ह्या मशीन चावता." मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. लगेच उठलो, मशीनवर तळहात टेकवला, काही नाही. मग विद्युत परिपथ पूर्ण झाल्याशिवाय प्रवाह वाहत नाही, हे तिला पाऊण तास समजावून सांगितलं (मध्ये भात लागला, तो वेगळा विषय). आठवडाभर ती तेच म्हणत राहिली आणि मी तळहात टेकवत राहिलो. शेवटी ती म्हणाली, "तुमी रबराची चपला काढा, मगे हात लावा." मी म्हटलं, विज्ञान चपलांवर चालत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी भरून तुमच्याकडे निघाली.

चार दिवसांत माझे धुतलेले कपडे संपले. पडवीत पाणी सांडलं होतं, चपला भिजू नयेत म्हणून बाहेर काढल्या आणि मशीनचं झाकण उघडायला हात लावला. भाऊ, पुढचं मला नीट आठवत नाही. हात झटकला गेला आणि मी मागच्या टबात बसलो, एवढं खरं.

वायरमन सिद्धेशला बोलावलं (माझाच विद्यार्थी, आता टक्कल पडलंय). त्यानं आधी बटण बंद केलं, मग प्लग उपसून हातात धरला आणि शांतपणे विचारलं, "गुरुजी, तिसरी पिन खंय गेली?"

तर पडवीतल्या जुन्या बोर्डाला दोनच भोकं. मशीनचा प्लग तीन पिनांचा. मीच तो कापून दोन पिनांचा बसवला होता. तिसरी पिन लांब आणि जाड का असते, हा प्रश्न मी दरवर्षी तीन गुणांना घालत असे. मशीनच्या आत वायरीचं आवरण सोललेलं होतं. बाहेर झिरपलेली वीज त्या पिनेच्या वाटेनं जमिनीत जायची, ती वाटच मी कापली. मग विजेनं माणसाची वाट धरली. माझ्या पायांत रबर, म्हणून मी विद्वान. सुगंधा अनवाणी, ओल्या फरशीवर.

सिद्धेशनं वायर बदलली, अर्थिंगचा खड्डा खणून पट्टी पुरली, तीन भोकांचा बोर्ड लावला आणि गळती झाली की आपोआप बंद होणारा स्विचही बसवला. जाताना म्हणाला, "काकीक काय झाला नाय, ह्या नशीब." तो गेल्यावर मी बराच वेळ पायरीवर बसून राहिलो. चहासुद्धा केला नाही.

असो. वहिनींना नमस्कार.

आपला,
दत्तप्रसाद

ता. क. : सुगंधा माझा फोन उचलत नाही. ती स्वयंपाकघरात असताना हे पत्र जरा मोठ्यानं वाचा. टबाचा भाग गाळलात तर उपकार होतील.

ता. क. २ : गाळू नका. तो ऐकून ती हसेल.

ता. क. ३ : "माझं चुकलं" हे शब्द पत्रात कुठंच नाहीत, हे ती लगेच ओळखेल. तिला सांगा, ते लिहून पाठवण्यासारखे नव्हते. रविवारी सकाळच्या एस्टीनं मी स्वतः येतो आहे.