कावळ्याचा निकाल

चारकोप, शनिवार

तीर्थस्वरूप दत्तारामदादास,

विमलाचा नमस्कार. पत्राच्या माथ्यावर श्री घातलेला नाही म्हणून घाबरू नकोस, नवीन कोणी गेलेलं नाही. जुनंच दुःख आहे आणि त्यावर श्री घालायचा की नाही हे मला ठरवता आलं नाही. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? कुरियरवाल्याच्या मते चारकोप ते घाटकोपर हे अंतर एका दिवसाचं आहे. तुझ्या मते किती आहे, ते मी विचारत नाही. हे गेल्याचं तुला कळलं होतं आणि तरी तू आला नाहीस, याबद्दल हे पत्र नाही. तू फोन उचलत नाहीस आणि इथे काय काय झालं ते तुला कोणीतरी सरळ सांगावं, एवढ्यासाठी लिहिते आहे.

आमच्या घरात दोन धर्म होते हे तुला ठाऊकच आहे. हे रग्बीचे, सुबोध फुटबॉलचा. (तूही फुटबॉलचाच, मिलच्या टीमचा गोलकीपर, हे मी विसरलेले नाही.) ह्यांचं म्हणणं असायचं की रग्बीत माणसं एकमेकांची हाडं मोडतात पण रेफरीला ‘सर’ म्हणतात, फुटबॉलमध्ये हाड कोणाचंच मोडत नाही, पण रेफरीच्या आईचा उद्धार होतो. त्यावर सुबोध म्हणायचा, पप्पा, तुमची मॅच बघायला येतं कोण? खेळणाऱ्यांच्या बायका आणि अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. (हे खरं होतं. त्या बायकांतली एक मी.) सुबोधचा मात्र भरगच्च फॅनक्लब आहे. ही पोरं भर मे महिन्यात लोकरीचे लाल मफलर गुंडाळून विलायतेतल्या एका टीमसाठी रडतात. ती टीम कुठल्या गावची, हे विचारलं की मोबाईल काढतात. पलीकडच्या सेक्टरात निळ्या मफलरवाले आहेत. लाल आणि निळे एका टपरीवर चहा पीत नाहीत. रग्बीवाले मात्र मॅच संपली की दोन रांगा करतात, हरलेल्यांना टाळ्या वाजवत मधून जाऊ देतात आणि मग एकत्र जेवायला बसतात. (ज्याचा कान फाडला त्यालाच आग्रहाने वाढतात. हीसुद्धा काही फार शहाणी माणसं नव्हेत, पण माझा संसार तिथेच झाला.)

आमच्या सेक्टरच्या मैदानातली ती फुटबॉलची मॅच मी इथे काढत नाही. हे रेफरी होते, तुझा राजेश कोणाचा धक्का न लागता पडला, ह्यांनी पेनल्टी दिली नाही, आणि तू मैदानात घुसून सगळ्यांसमोर ह्यांना आंधळा म्हणालास. तेव्हापासून तू आमच्याकडे आला नाहीस. काढत नाही म्हटलं, तरी निघालीच.

तर, ह्यांना न्यायच्या दिवशी दोन्ही पक्ष आले. तिरडी लिफ्टमध्ये मावेना, तेव्हा रग्बीवाल्यांनी ती जिन्याने उतरवली. धोंडू पुढे होता. (ह्यांचा जुना जोडीदार; नाक तीन दिशांना वळलेलं आहे, स्वभाव गायीचा.) काय उतरवली म्हणून सांगू! एक ठोकर नाही, एक हिसका नाही. पण रस्त्याला लागल्यावर त्यांचे पाय आपोआप पळायला लागले आणि नातेवाईक मागे धापा टाकत राहिले. शिवाय रग्बीत चेंडू पुढे देता येत नाही, मागेच द्यावा लागतो. त्यामुळे खांदा बदलायचा तर ते मागच्यालाच देत, आणि पुढे जाऊन उभे राहिलेले आपले मालवणकडचे पाहुणे हात पसरून तसेच उभे. माझ्या नणंदेने, द्रौपदीवन्संनी, शेवटी ओरडून सांगितलं, “अरे, माझो भाऊस आसा तो, चेंडू न्हय!”

फुटबॉलवाल्यांनी दुःख मोठ्याने केलं. लाल आणि निळे वेगवेगळे उभे राहून रडले. स्मशानाच्या दारात सुबोधचा मित्र विकी याला एका निळ्याचं कोपर लागलं. तो पायाचा घोटा धरून खाली पडला, दोनदा लोळला आणि कोणी बघतंय का ते एक डोळा उघडून पाहिलं. कोणीच बघेना, तेव्हा उठून चालायला लागला.

खरी पंचाईत दहाव्याला झाली. तलावाकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या कठड्यावर बसून नुसता बघत होता. रग्बीवाले पिंडाच्या दोन्ही बाजूंना रांगा करून, हात मागे बांधून गप्प उभे राहिले. (त्यांच्याकडे समोरचा किक मारताना असंच गप्प राहतात म्हणे.) धोंडू म्हणाला, “सर, पोरांचं कोचिंग आम्ही बंद पडू देणार नाही.” कावळा ढिम्म. सुबोध पिंडाजवळ वाकला. तो म्हणाला, “पप्पा, मी येईन तुमच्या मॅचला. दर रविवारी.” कावळ्याने मान वळवली, पण हलला नाही. तेव्हा विकीला राहवेना. तो ओरडला, “अरे बघतोयस काय, आंधळा आहेस का?” तो शब्द ह्यांना आधी कोण म्हणालं होतं, ते तुला सांगायला नको.

द्रौपदीवन्सं म्हणाल्या, “वहिनी, तुमच्या मनात काय ते बोला.” मी पुढे झाले, हळूच एक वाक्य बोलले, आणि कावळा झपकन खाली आला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण फुटबॉलवाल्यांनी शूटिंग केलं होतं. ते भटजींना गराडा घालून उभे राहिले. “काका, स्लो करून बघा ना, चोच टेकलीच नाही!” निळे म्हणाले टेकली, म्हणून लाल म्हणाले नाही टेकली. भटजींना पुढचं काम होतं. ते म्हणाले, शिवला. धोंडू म्हणाला, “सर बोलले ना? मग झालं.” भटजींनी आयुष्यात पहिल्यांदा असल्या जाड मानेच्या माणसाकडून ‘सर’ ऐकलं असावं, त्यांनी दक्षिणेचं नाव न काढता सोवळं आवरलं.

बाकी ठीक. सुबोध अजून रडलेला नाही, पण ह्यांची शिट्टी खिशात घालून फिरतो. वहिनींना नमस्कार, राजेशला आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण,
विमला

ता. क. मी कावळ्याला काय बोलले ते लिहायचं राहिलं. “माझा दादा येईल,” एवढंच बोलले. तुला न विचारता तुझ्या नावाने शब्द दिला. रविवारी ह्यांचं महिन्याचं आहे.

ता. क. दुसरा. ते शूटिंग काल मी नीट पाहिलं. चोच पिंडाला टेकलेली नाही. विकीच्या हातातून वेफर पडला होता, कावळा तो घेऊन गेला. म्हणजे निकाल अजून लागलेला नाही, आणि हे फक्त तुला सांगते आहे.

ता. क. तिसरा. पेनल्टी नव्हतीच, असं हे शेवटपर्यंत म्हणत होते आणि मलाही तसंच वाटतं. पण मॅच संपली, दादा. दारात दोन रांगा असतील, तू मधून ये, धोंडू टाळ्या वाजवेल. राजेशलाही आण. जिना सांभाळून चढ म्हणावं, पडलास तर इथे पेनल्टी द्यायला आता कोणी नाही.