हात न टेकता उठणं

८ जानेवारी, अड्याळ
शाळेत आरोग्य शिबिर. सौ.च्या गुडघ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये नागपूरला. त्याआधी तपासण्या हव्यात म्हणून तिला घेऊन गेलो. वजनकाटा नेमका आमच्या चौथीच्या वर्गात. खिडकी तीच, बाहेरची चिंच तीच. या खिडकीशी उभा राहून मी नदीची कविता म्हणायचो आणि गुरुजी डोळे मिटून डोलायचे. शेवटच्या कडव्याला त्यांची टोपी हळूहळू एका कानावर... किती वेळ तिथंच होतो कोण जाणे. सिस्टर म्हणाली, "आजोबा, चढा काट्यावर. मागे रांग आहे."

साठ किलो. लग्नात अठ्ठावन्न होतो. चाळीस वर्षं कापडदुकानात गादीवर बसून काढली, वाढले दोन किलो! सौ. ब्याऐंशी. तिनं आकडा पाहिलाच नाही, पदर सावरत उतरली. नातेवाइकांचं ठरलेलं वाक्य आहे: सुमन जाड म्हणून गुडघे गेले, हे बघा कसे काडीसारखे. ते आठवून मी गालात हसलो. इथं खोटं कशाला लिहू.

डॉक्टर मॅडमनी कागद पाहिले आणि मलाच विचारलं, "ऑपरेशननंतर घरी यांना उठवणार कोण?"
"मी. घरात आम्ही दोघंच."
"मग छातीशी हाताची घडी घाला आणि या खुर्चीवरून पाच वेळा उठून दाखवा."
दोनदा उठलो. तिसऱ्यांदा हात आपोआप खुर्चीच्या कडेला गेले. चौथ्यांदा उठताच आलं नाही. सौ. बघत होती.

९ जाने.
काल पूर्ण लिहवलं नाही. कमरेचीही गोष्ट झाली. मॅडम म्हणाल्या, कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. माझी उंची एकशे चौसष्ट, कंबर भरली चौऱ्याण्णव. मी टेप चुकला म्हणालो. माझा करदोडा तीस वर्षं एकाच मापाचा, दरवर्षी नवा जुन्याला लावूनच कापतो! सिस्टर हसायला लागली. "करदोडा तेवढाच राहिला आजोबा, पण तो पोटाखाली उतरला ना. बेंबीवरून मोजा."

सगळ्या गावाला धोतरं-लुगडी मोजून दिली मी. स्वतःचं माप भलत्याच जागी घेत होतो.

साखर काठावर. वरून बारीक, आत चरबी, मांड्यांत मांस नाही. वजन एकटं सगळं सांगत नाही, असं मॅडमचं म्हणणं. सौ.ला वजन उतरवायला सांगितलं आहेच, पण बी.पी. बरं, पायात जोर आहे म्हणाल्या. माहेरी आणि इथंही हातमागाच्या पावड्या पायांनी दाबल्या तिनं वर्षानुवर्षं. मी पुढं दुकानात बसून तिनं विणलेलं विकत होतो.

११ जाने.
अविनाशचा पुण्याहून फोन. "बाबा, तुम्हालाच उठता येत नाही तर आईला कसे उठवाल? हॉस्पिटलमधून थेट इकडे आणतो तिला. तुम्हीही या. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे."

सौ.नं सगळं ऐकलं. फोन ठेवल्यावर म्हणाली, "दोन महिने म्हणते तो. एकदा घराले कुलूप लागलं का मंग कोण येते वापस? अकराव्या माळ्यावर मी कोणाशी बोलू? कबुतराशी?"

शेवटी असं ठरलं: ऑपरेशनच्या आधी मी हात न टेकता पाच वेळा उठलो आणि मॅडम हो म्हणाल्या, तर ती इथंच घरी येईल. नाहीतर पुणे.

१५ जाने.
मेश्रामला सांगितलं. पहिलीपासूनचा मित्र, नव्वद किलोचा, आणि अजून रोज दोनदा पायी शेतावर जातो. त्यालाही शिबिरात वजन कमी करायला सांगितलं, साखरेची गोळी सुरू केली. पण पाच वेळा तो असा उठला म्हणे की खुर्चीच मागं सरकली. मला म्हणाला, "अबे कवी, जनमभर मले ढोल म्हणत आला ना? आता ढोलाच्या मागं मागं चाल."
उद्यापासून पहाटे तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चालायचं.

१९ जाने.
पाळीवर धुकं. पलीकडचा काठ नाही, फक्त पाणी आणि पाण्यावर बसलेली बदकं, जणू कुणी पाटीवर ठिपके काढून ठेवलेत. भुजंगप्रयाताच्या चालीवर पावलं टाकत होतो, छान जमलं होतं. मग कसं झालं कळलं नाही. गुरुजींचा आवाज, ओल्या पाटीचा वास, पावसाळ्यात वर्गात शिरलेला बेडूक... मी दगडावर बसलेलो आणि मेश्राम पाळीच्या टोकाला जाऊन परत आलेला.
"काहून गा, चालाले आला का झोपाले?"
"आठवत होतो."
"पायानं आठव."

३० जाने.
भात निम्मा केला आहे. रात्रीचं जेवण बंद. वजन अठ्ठावन्न! लग्नाचंच. आरशात पाहिलं, गाल बसलेत, पण मनाला बरं वाटलं. सौ.ला सांगितलं तर म्हणाली, "नवरी पाहता का दुसरी?"

३ फेब्रुवारी
मॅडमच्या दवाखान्यात गेलो, शाबासकी मिळेल म्हणून. खुर्चीवर बसवलं. एकदाच उठलो. दुसऱ्यांदा डोळ्यांपुढं अंधारी.
चिडल्या. "काका, चरबी जायच्या आधी मांस चाललंय तुमचं. काकूंना काय काट्याचा आकडा उचलणार आहे?" डाळ, अंडं, दही, पोटभर जेवण, आणि खुर्चीवर उठबस रोज सकाळ-संध्याकाळ. भात थोडा कमी चालेल, जेवण सोडायचं नाही.
सौ. सोबतच होती. घरी आल्यावर ताटात वरण ओतता ओतता म्हणाली, "मी घाबरली नाई त्या चाकूले. तुमी पडले तं मी कोणाले धरू, याचं भेव आहे मले."

जेवलो. सगळं.

१२ फेब्रु.
युक्ती सापडली. खुर्चीत बसून कविता म्हणायची. ओळ सुरू झाली की उठायचं, संपली की हळू बसायचं. बसताना धप्पकन पडायचं नाही, त्यातच खरी मेहनत आहे. ओळ अर्धी सोडता येत नाही ना, त्यामुळे मधेच बसताही येत नाही.
सौ. समोर खाटेवर, पाय सरळ करून गुडघा दाबण्याचा तिचा व्यायाम. आज तिसऱ्या कडव्यात अडलो. ओळच आठवेना. अर्धा उठलेला, मांड्या थरथरतायत, शब्द नाही. तर खाटेवरून ओळ आली. बरोबर, चालीसकट.
ही दुसरीत शाळा सोडलेली. विचारलं, "तुला कशी येते?"
"पन्नास वर्षं झाले, तुमी न्हाणीघरात म्हणता तं ऐकून राहिली. आता उठा पूर्ण."

२१ फेब्रु.
पळस पेटलाय. पाळीवरून कोंढा गावाच्या बाजूला नुसतं केशरी. थांबलो नाही. चालता चालताच पाहिला. तरीही पुरेसा दिसला. असं आधी का नाही केलं?
मेश्राम पुढं, त्याचा श्वास ऐकू येत होता. ऐंशी झाल्याशिवाय थांबत नाही म्हणतो. मी म्हटलं, वय की वजन? म्हणाला, "जे आधी होईन ते."

१ मार्च
वजन एकसष्ट. म्हणजे शिबिरापेक्षाही जास्त! दिवसभर खट्टू. सौ.नं तिचा जुना टेप काढला आणि बेंबीवरून स्वतः मोजलं. एक्याण्णव. दोनदा मोजलं. मग दोन्ही हातांनी माझी मांडी दाबून पाहिली, बाजारात दुधी पाहतात तशी.
"हाय काहीतरी आत," म्हणाली.
तिचं वजन अठ्ठ्याहत्तर. ते मी विचारलं नव्हतं, तिनंच सांगितलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिनं आकड्याकडं पाहिलं.

७ मार्च
परीक्षा. अविनाश पुण्याहून आलाय, तोही दवाखान्यात उभा. हाताची घडी. मनात कविता, ओठ बंद.
एक. दोन. तीन. चार... चौथ्यालाच श्वास लागला. पाचव्याला उठलो, पण वर पोचल्यावर डोललो, भिंत जवळ होती, टेकलो नाही. नाही टेकलो. सौ. साक्षीदार.
मॅडम बराच वेळ लिहीत राहिल्या. "उठलात. पण डगमगलात. मी आज हो म्हणत नाही आणि नाही म्हणत नाही. ऑपरेशननंतर त्यांना तुम्ही कसे धरून चालवता, ते तिथले डॉक्टर बघतील आणि ठरवतील."
बाहेर आल्यावर अविनाश म्हणाला, "बाबा, हट्ट नको. आई पडली तर?" तो चुकीचं बोलत नाही. रागही आला नाही. त्याच्याही डोळ्यांखाली काळं आलंय, पोट शर्टाच्या बटणाशी. दिवसभर खुर्चीत बसतो. म्हटलं, हाताची घडी घालून बस बरं इथं. हसला, पण बसला नाही.

१२ मार्च, नागपूर
काल ऑपरेशन झालं. नीट झालं म्हणाले. सौ. गुंगीत "दार लावलं का?" असं तीनदा विचारत होती. लावलं, म्हटलं.

१४ मार्च, नागपूर
सकाळी दहा. डॉक्टर पलंगाच्या पायथ्याशी, अविनाश खिडकीपाशी, हातात फोन. कालपासून पुण्याच्या तिकिटांचं काही बोललेला नाही. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी सांगितलं, "ओढायचं नाही आजोबा. वॉकर त्या धरतील, तुम्ही बाजूला घट्ट उभे राहा. त्यांना तुमचा भरवसा हवा."
सौ.नं वॉकर धरला. मग एक हात सोडून माझ्या मनगटाला धरलं. वजन आलं. ब्याऐंशी की अठ्ठ्याहत्तर, तेव्हा आठवलं नाही. माझे पाय मात्र जमिनीवर घट्ट राहिले.
"चला," म्हणाली.
"दुखतं का?"
"बोलू नका. पाय टाका."
एकेक पाऊल. कविता नाही, काही नाही, नुसता तिचा श्वास. डॉक्टर आमच्या पायांकडं बघत होते; घर की पुणे, ते आम्ही पलंगाशी परत आल्यावर सांगणार होते. दारापर्यंत पोचलो. तिथं दोघंही थांबलो. आता वळून पलंगापर्यंत परत यायचं होतं.