घेऊन राहिलो

रविवार, संध्याकाळ. कोल्हापूर.

आज आमची गल्ली हारली अन् सारं खापर गजाच्या डोक्यावर. गजा आमच्या अकोटचाच, माझ्याच खोलीत राहते, माझ्यासारखाच फाउंड्रीत. गल्लीच्या टीममधी बचावाले खेळते. शेवटी शेवटी बॉल त्याच्याकडे आला तसा तो ओरडला, "मी घेऊन राहिलो!" म्हणजे मी घेतोय. गोलकीपरले नुसतं "राहिलो" ऐकू आलं. त्याले वाटलं, गजा मागंच राहिला. तो धावत पुढं आला, दोघं एकमेकांवर आदळले अन् बॉल आत.

चहाच्या टपरीवर तेच चालू. एक म्हणे, "काढा त्या वऱ्हाड्याला!" दुसरा म्हणे, "भावा, आजवर गोल कुणी अडवलं मग?" मी "राहिलो"चा अर्थ सांगितला, तर सारेच हासले. "मग मराठीत वरडायचं की रं!" पुढच्या मॅचले त्याले बसवणार म्हणतात.

मले राग यायले पाह्यजे होता. आला नाही. कावून? मनातच म्हणून पाह्यलं, "घेऊन राहिलो." यात चुकलं काय?

आता जेवताना गजाले विचारलं, "भाकर घेऊन राहिला का?"

तो ताटाकडे पाहत हळूच म्हणाला, "घ्यालोय."

बरोबर इथल्यासारखं.