पाचाच्या आतले ठिपके

कर्वेनगर, पुणे
बुधवार

प्रिय दीनानाथ यास,

आठवी ब, खिडकीकडचा तिसरा बाक, उजवी बाजू, येथून डाव्या बाजूस सप्रेम नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? वहिनींचा खोकला थांबला का? मुलाकडे लोणी काळभोरला राहायला गेल्यापासून तू पुण्याला परदेश मानतोस असं ऐकतो. (तिथून इकडे यायला बस मिळते, पासपोर्ट लागत नाही, हे नुसतं माहितीसाठी.) आम्ही उभयता ठीक. मोतीबिंदू काढल्यापासून माझा डावा डोळा उत्तम चालतो, उजव्याचा अजून विचार चालू आहे.

विशेष म्हणजे मी नवा मॉनिटर घेतला. आपल्या वर्गात फळ्यावर नावं लिहायचा तो नव्हे, कॉम्प्युटरचा पडदा. उपासनी मास्तरांची शाळेच्या घंटेवरची कविता तुला आठवत असेलच. निवृत्त व्हायच्या वर्षी त्यांनी ती स्वतः रचून फळ्यावर लिहिली आणि पाचही कडवी पाठ करायला लावली. छापली कुठेच नाही. वह्या रद्दीत गेल्या, मास्तरही गेले. रुळाचा तो तुकडा, ज्यावर शिपाई ठोके द्यायचा, तोही कुणी नेला देव जाणे. मी रोज सकाळी फिरताना कविता म्हणतो, तर हल्ली एखादा शब्द मधूनच रजेवर जातो. परवा ‘माया’ रजेवर गेली ती कॉलेजच्या कोपऱ्यापर्यंत हजर झाली नाही. मी तिथे उभा राहिलो, तर एका मुलीने मला हात धरून रस्ता ओलांडून दिला. (मला ओलांडायचा नव्हता. परत यायला दहा मिनिटं लागली.) तेव्हाच ठरवलं, सगळे शब्द जायच्या आत कविता टाइप करून ठेवायची, ठसठशीत मोठ्या अक्षरांत. म्हणून हा चोवीस इंची पडदा.

पडदा घरी आला, मंदाकिनीने हळदकुंकू वाहिलं. (आमच्याकडे नव्या वस्तूला हे चुकत नाही. माझ्या कवळीलाही अक्षता पडल्या होत्या.) मी कोरं पान उघडलं, तर मधोमध बारीकसा लाल ठिपका. मी समजलो कुंकू. फडक्याने पुसलं, चष्म्याच्या कापडाने पुसलं, धोतराच्या सोग्याने पुसलं. दोन दिवस पुसत होतो. शेवटी मंदाकिनीला म्हटलं, जरा हात आखडता घेऊन पूजा करत जा. ती आली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, “अहो, मी कुंकू बाहेरच्या चौकटीला लावलंय. आणि हा शेजारी हिरवा दिसतोय, तोही माझाच का? हिरवं कुंकू कुठल्या दुकानात मिळतं तेवढं सांगा, संक्रांतीला आणते.” तोवर मला हिरवा दिसलाच नव्हता. मग वरच्या कोपऱ्यात एक काळाही निघाला.

दुकान गाठलं. मालक जयसिंगराव, सभ्य माणूस, पण बोलणं मोजून मापून. म्हणाले, “काका, याला पिक्सेल म्हणतात. पडद्यावर वीस लाख असतात. त्यातले तीन बिघडलेत.” मी म्हटलं, मग बदलून द्या. तर म्हणाले, पाचाच्या आत असतील तर कंपनी दोष धरत नाही. पाच भरले तर सात दिवसांत या. वर विचारलं, “काका, मॉनिटर वाचायला घेतलाय की ठिपके शोधायला?”

आता मला सांग, दोन ठिपके कमी पडतात म्हणून कुणी हळहळलंय का? आम्ही हळहळलो. मंदाकिनी उजवीकडून आणि मी डावीकडून, भिंग घेऊन चार दिवस पडदा नांगरला. चौथा सापडला तेव्हा तिने आनंदाने गूळ आणला. तो ठिपका नखाने निघाला. फोडणीतली मोहरी होती.

सहाव्या दिवशी लक्षात आलं, की इतक्या दिवसांत कवितेची एक ओळही टाइप झालेली नाही, आणि मधल्या काळात ‘माया’ पुन्हा दोनदा गेली आहे. मग मात्र घाबरून बसलो. एका बोटाने टाइप करतो, तर ओळ वर सरकताना लाल ठिपका बरोबर तिच्याखाली येऊन थांबे. आणि दीनानाथ, मला उपासनी मास्तर आठवले. ते चूक खोडत नसत. समासात लाल ठिपका देऊन वही परत करत. चूक आपण शोधायची. पाचाच्या आत ठिपके असले तर ‘चालायचं’ म्हणून सही करत, पाच झाले की पान पुन्हा. ही कंपनी नक्की त्यांच्या हाताखालून गेलेली आहे. मी ओळ पुन्हा वाचली, तर ‘माया’च्या जागी ‘गोडी’ लिहिलं होतं. दुरुस्त केलं:

लोखंडाच्या तुकड्यामध्ये इतुकी माया कोठुन आली?
ठोके पडता चार, आमुची दप्तर-पाटी पक्षी झाली.

बराच वेळ बघत बसलो. मंदाकिनीने चहा दोनदा गरम केला, तिसऱ्यांदा स्वतः प्यायली.

वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद. कंबरेला शेक घे.

तुझा,
सीताराम

ता. क. – सात दिवस काल भरले. जयसिंगरावांचाच फोन आला, की दुकानातला दाखवायचा मॉनिटर अगदी स्वच्छ आहे, हवा तर बदलून देतो. मी नको म्हटलं. मंदाकिनी विचारते, मग मला चार दिवस भिंग कशाला धरायला लावलंत?

ता. क. २ – कविता पूर्ण झाली असं तुला वाटलं असेल. पहिलं, तिसरं आणि पाचवं कडवं झालं. मास्तर एका बाकावरच्या दोघांना आलटून पालटून कडवी म्हणायला लावत, म्हणून आपण वाटणी केली होती. दुसरं आणि चौथं तुझ्याकडे. मी ती कधी पाठच केली नाही. एकसष्ट वर्षं ती मला तुझ्या आवाजात ऐकू येतात, पण नुसती चाल, शब्द नाहीत. पानावर दोन्ही ठिकाणी जागा सोडून ठेवली आहे.

ता. क. ३ – फोनवर सांगू नकोस. तू म्हणशील, मी ऐकत बसेन आणि टाइप करायचं राहील. इथे ये, चार दिवस राहा. आणि तुलाही ती आठवत नसतील, तर तसं पत्राने कळवू नकोस. इथे येऊन सांग.