बिनपाण्याचं औषध

३ फेब्रुवारी
जळकोटहून निघताना अम्मीने बांधून दिलेली शिदोरी उघडायची वेळच आली नाही. भूमजवळचं बब्रुवानकाकांचं हे घर म्हणजे खव्याची भट्टी. धुरपताकाकींनी आल्याआल्या गरम खव्याचा गोळा हातावर ठेवला आणि नर्स मागवली तर खारीक कशी आली, म्हणून माझ्या हडकुळेपणाची थट्टा केली. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, त्याआधी वजन उतरवायचंय. तोवर मी इथंच राहणार. मला घर फार आवडलं.

४ फेब्रुवारी
सकाळी धोंडीबा गवळ्याच्या दुधात पाणी निघालं. काकांनी अख्खी चरवी त्यालाच प्यायला लावली. या भट्टीचा तसा रिवाजच आहे म्हणे. शेवटी बिचारा ओकला. सगळे हसले, मीही हसले.

दुपारी काकांनी वजन उतरवायची पेप्टाइडची इंजेक्शनं दाखवली. कुरिअरने मागवलेली, डॉक्टरांना न विचारता. बाटलीच्या तळाशी चिमूटभर पांढरी पूड. मी सांगितलं, यात पाणी मोजून घालावं लागतं. पाणी पाव भागच पडलं तर सिरिंजच्या त्याच रेषेत चौपट औषध जातं. काका हसले. ‘‘आमच्या घरात कशातच पाणी घालत न्हाईत, पोरी. आटवल्याबिगर कस येत न्हाय.’’ डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी टोचणार नाही, असं बजावलं. त्यांनी मान डोलावली.

९ फेब्रुवारी
माझ्या माघारी काकांनी स्वतःच ते औषध कालवलं आणि काकींना टोचलंही. पाणी घातलं जेमतेम पूड भिजेल एवढं. काकींच्या पोटात घोटभर चहाही ठरत नाही. दवाखान्यात न्या म्हणून मी हात जोडले. काका म्हणाले, घाण निघतीय, निघू दे. त्यांना खरोखर आनंद झालाय आणि मला त्याचीच भीती वाटते.

१५ फेब्रुवारी
टोचणं चालूच आहे. काकींचे ओठ फुटलेत, बांगड्या हातात राहत नाहीत. कढईत डोकावावं तसे काका त्यांच्या तोंडावर वाकतात आणि म्हणतात, अजून थोडं. भट्टी बंद ठेवून गडी घरी पाठवलेत. फाटकाला कुलूप. माझा फोन काकांच्या खिशात.

१७ फेब्रुवारी
काका अंघोळीला गेले तेव्हा मी बाटलीत पाणी वाढवलं. त्यांनी बाटली उजेडाला धरली आणि — ओळखलं. आयुष्यभर पाणीच तर पकडलंय त्यांनी. मला खोलीत ढकलून बाहेरून कडी घातली.

१८ फेब्रुवारी
खिडकीला गज. हाका मारून घसा बसला, रस्ता लांब आहे. भिंतीपलीकडे काकी पाणी मागतात. मी देऊ शकत नाही.

सारखा धोंडीबा आठवतो. ज्याने पाणी घातलं त्यालाच —

मी हसले होते.

दुपार
काका अंगणातून येतायत. नवी बाटली. सिरिंज भरलेली. माझ्यासाठी.

वही खिडकीतून टाकते. सापडेल त्याने आधी काकींना उचला, अजून कण्हतायत. डॉक्टरांना सांगा — काका सिरिंजवरची रेषा दाखवतील, रेषा बरोबरच असेल, तिच्यावर जाऊ नका. कडी काढली — विचारा, पाणी किती घात