गार इंजिनाची टकटक

नेतिवोत, जानेवारी १९५८. रविवार, दिवेलागणीला.

डोकं फिरलंय. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या सुट्टीभर उघड्यावर गारठलेली कामावरची डिझेल जीप सकाळी चालू केली आणि पुन्हा तीच टकटक! बोनेट उघडून इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवला, त्याला कान लावला. तिसऱ्या सिलिंडरातच आहे, शंका नाही. गार असताना पिस्टन ढिला असतो, तापला की फुगतो आणि आवाज बंद. मुकादम याकोव्हला किती वेळा सांगू? हा साहेब कॉफी पिऊन सावकाश येणार, आणि हुकूम त्याचाच, की तो येण्याआधी इंजिन गरम पाहिजे. मग टकटक ऐकू येणार कशी? आज म्हटलं, उद्या जरा लवकर या, गार असताना ऐका. तर हसतो! हिब्रूत म्हणे, "येहिये बेसेदेर." होईल ठीक. काय ठीक होईल? गाडी वाळवंटात बसली तर ढकलायला तो येणार आहे का?

घरी येऊन हेच तावातावाने बायकोला सांगत होतो. रिबेका चहा गाळता गाळता म्हणाली, "माझा खोकलाही तसलाच. पहाटे येतो, गरम चहा पोटात गेला की थांबतो. तोवर तुम्ही उठलेले नसता. दोनदा सांगितलं, तर म्हणालात, येहिये बेसेदेर."

मी? मी असं म्हणालो?

म्हणालोच असेन. गाडीला मात्र रोज कान लावतो.

उद्या तिच्या चहाआधी उठून खोकला ऐकायचा, मग तिला दवाखान्यात न्यायचं. कामावर उशीर होईल, याकोव्ह येईल तेव्हा जीप गारच असेल. असू दे. त्यालाही ऐकू दे.